संचित रजा

भटवाडी, घाटकोपर (प.)
रविवार, ९ जून २०२४

प्रिय सिद्धेश,

तुझी तब्येत बरी असेल. इकडे सगळे ठीक. रजा संपवून तू वेळेवर हजर झालास, हे चौकीवरच्या हवालदारांनी फोनवर सांगितलं तेव्हा आईंनी देवापुढे साखर ठेवली आणि मग त्याच साखरेचा चहा केला. 'झील वेळेर पोचलो,' असं मजल्यावर सगळ्यांना सांगत होत्या. कुठे पोचला, ते मात्र नाही सांगितलं. मोठ्यांना सगळं माहीत आहे, पण मजल्यावर बोलण्यात तू अजून जहाजावरच आहेस.

व्हिडिओ मुलाखतीत हे सगळं बोलता आलं असतं, पण तुरुंगाची लाइन दहा मिनिटांत बंद होते आणि तेवढ्यात आई दोनदा रडतात. म्हणून पत्र. आधी तिकडचे साहेब वाचतील आणि मग तुला मिळेल हे माहीत आहे, त्यामुळे अक्षर जरा नीट काढतेय.

आईंची सुट्टी अजून संपलेली नाही. परवा चिरागनगरला जाऊन एवढी मोठी सुरमई घेऊन आल्या. मी म्हटलं, आई, आता खाणार कोण? तर म्हणाल्या, हात थांबत नाय गो. तू होतास ते तीन आठवडे त्या ओट्यापासून हलल्या नाहीत. घावणे, वडे, तिरफळं घातलेली बांगड्याची कढी, तू नको म्हणालास तरी पानात चौथा घावणा. गावाला चाकरमानी येतात तेव्हा त्यांच्या आया अशाच वागत असतील. आईंचा चाकरमानी घाटकोपरमध्येच येऊन उतरला, एवढंच.

आबांना तू विचारलं होतंस ना, 'घरी बसून कंटाळा येत नाही?' तू गेल्यावर मला म्हणाले, 'मिलला टाळं लागलं तेव्हा सगळे म्हणाले, चार महिने सुट्टी समज लवू. ती सुट्टी अजून चालू आहे. कंटाळा कधीच संपला.' मग त्यांनी पंखा वाढवला आणि झोपले.

त्या चॉकलेटांचं आठवून मला अजून हसू येतं. बिल्डिंगच्या मुली दारात गोळा झाल्या, 'अपूर्वाचे पप्पा जहाजावरून आले.' मी मॉलमधून परदेशी चॉकलेटं आणून ठेवली होती आणि किमतीचे स्टिकर नखाने खरवडून काढले होते. तू वाटत होतास, आणि ती दोन वेण्यांची म्हणाली, 'काका, जहाजावर झोप लागते का हो?' तू म्हणालास, 'लागते. पण दिवा कधी बंद करत नाहीत.' तिला ते फार भारी वाटलं. दुसऱ्या दिवशी खाली सगळ्यांना सांगत होती.

सख्खा भाऊ असून प्रीतम त्याच आठवड्यांत बायकोला घेऊन केरळला गेला होता, ते तुला लागलं हे मला दिसलं. आईंनी सांगितलं की तिकिटं आधीच काढलेली होती. असतील. हाउसबोटीतले फोटो पाठवत होता, ते मी तुला दाखवले नाहीत.

माझं काय, मी लॅबमध्ये रुजू झाले. तू म्हणाला होतास, 'माझी सुट्टी आहे, तर तूपण घे ना.' घेतली की. वर्षभर साठवलेली सगळी. काउंटरवरच्या नीलमने विचारलं होतं, 'कुठे चाललीस?' म्हटलं, 'कुठे नाही, घरीच.' ती म्हणाली, 'घरी राहायला सुट्टी कशाला घालवतेस, यार?' तिचं गणित उलटं आहे. ती सुट्टी घेते आणि घरी सांगतच नाही. सकाळी डबा घेऊन निघते, भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाऊन बसते, दुपारी तिथेच डबा खाते, संध्याकाळी लॅब सुटायच्या वेळेला घरी. नवरा विचारतो, आज फार पेशंट होते का? ती म्हणते, हो ना, वाट लागली. आम्ही फार हसलो.

अपूर्वा बरी आहे. मागच्या मुलाखतीला आली नाही कारण क्लास होता. रत्नागिरीचे कबड्डीचे सामने राहिले तिचे, पण पुढच्या वर्षी आहेतच. मनगट आता बरं आहे.

दाराला आतून घातलेलं कुलूप मी काढलं. कडी सैल झाली होती.

आबांच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत. जपून राहा, कुणाशी वाद घालू नकोस.

तुझी,
अक्षता


घाटकोपर
शनिवार, २६ ऑक्टोबर २०२४

प्रिय सिद्धेश,

दिवाळी तोंडावर आलीय. आईंच्या चकल्या या वेळी मऊ पडल्या. तरी त्यांनी तुझ्यासाठी डबा भरला आणि भरून झाल्यावर त्यांनाच आठवलं की तिकडे घरचं चालत नाही. डबा कपाटावर ठेवलाय. आबा त्यातली एकेक काढतात, त्यांना कळू न देता.

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तर उशिरा लिहितेय. तू सरळ विचारलंस, 'अपूर्वा माझ्याशी का बोलत नाही?' मी आतापर्यंत क्लास, परीक्षा, डोकं दुखतंय असं सांगत आले. खरं ते सांगते. तुझी मुलाखत असते तेव्हा ती जिन्यात जाऊन बसते. आईंचं नाक पुसणं ऐकू आलं, की तिला कळतं संपलं, मग वर येते.

तू लिहिलंस, 'आपली सुट्टी किती छान गेली, मग मध्येच काय झालं?' ते वाचून मी पत्राची घडी केली आणि उशीखाली ठेवून दिली. तुला खरंच आठवत नाही, की आठवतंय आणि मी बोलावं म्हणून वाट बघतोयस? मला ठरवता येत नाही. मी जे पाहिलं ते लिहिते.

तू आलास त्या दिवशी ऊन उतरायच्या आधीच उठून दार लावलंस. आपल्या मजल्यावर दिवेलागणीला कुणी दार लावत नाही. आईंनी उघडलं. तू परत लावलंस. मग खाली जाऊन कुलूप घेऊन आलास आणि आतून कडीला घातलंस. किल्ली शर्टाच्या खिशात. मला तुझी दया आली. तिकडे या वेळेला बराक बंद होते, उघडं दार बघून याच्या छातीत धडधडत असेल, असं मी समजले. आईंना म्हटलं, दोन दिवसांत सुटेल.

मग तू आमची गिनती सुरू केलीस. जेवणाआधी एकेकाच्या डोक्याला हात लावून. अपूर्वा पहिल्यांदा खिदळली, 'पप्पा, चार तर आहोत आम्ही!' तूपण हसलास. तिसऱ्या संध्याकाळी ती हसली नाही, तर तू परत पहिल्यापासून मोजलंस.

दोन दिवसांत सुटलं नाही ते. पुढे पुढे मी कोथिंबीर आणायला निघाले तरी तू जिन्याच्या तोंडाशी येऊन विचारायचास, 'किती वेळ?' आणि मी वेळ सांगायचे! कुणी ऐकत तर नाही ना, एवढंच बघायचे. लॅबमध्ये असते तर निदान दिवसभर बाहेर असते. सुट्टी घेऊन मी ते दारपण बंद करून टाकलं होतं.

आता सामन्यांचं. अपूर्वाने तुला आदल्या आठवड्यात विचारलं होतं. तू म्हणालास, 'बघू.' तिने ते हो धरलं. मीपण. पहिल्यांदाच घराबाहेर राहायला चालली होती पोर. कबड्डी शिकवणाऱ्या माधुरीताईंनी सगळ्या मुलींना निळ्या बनियनी दिल्या होत्या, ती तिने आदल्या संध्याकाळीच घालून पाहिली, आरशासमोर पाय मारून बघितला, आबांना खुर्चीवरून उठवून त्यांची पकड केली. तू बघत होतास. हसतही होतास.

बस साडेपाचला नाक्यावर येणार होती. पहाटे ती अंघोळ करून, बॅग खांद्याला लावून तयार. तू दाराला पाठ लावून खाली बसला होतास.

ती म्हणाली, 'पप्पा, किल्ली.'

तू म्हणालास, 'उजाडलं नाही अजून.'

तिला वाटलं, मजा करतोयस. 'पप्पा, बस येईल ना. द्या.'

'गिनतीशिवाय कुणी बाहेर जात नाही.'

'मग करा ना गिनती!' असं म्हणून ती तुझ्यासमोर डोकं पुढे करून वाकली, सिद्धेश. तू हात लावला नाहीस. तू म्हणालास, 'मी तीन आठवड्यांसाठी आलोय. वर्षातनं एकदा. आणि तू खेळायला जाणार?'

आई आतून म्हणाल्या, 'रवांदे गो चेडवा. बापूस इलो आसा तुझो.' आबांनी भिंतीकडे तोंड केलं. खालून हॉर्न वाजला. अपूर्वाने तुझ्या खिशाकडे हात नेला आणि तू तिचं मनगट धरलंस. मारलं नाहीस, हे मी मान्य करते. पण धरून ठेवलंस, आणि ती 'आ' म्हणाली तरी सोडलं नाहीस. तुझा चेहरा तिच्याकडे नव्हताच. तू समोर बघत होतास, जसं काही तिथे दुसरं कुणी उभं आहे आणि तू काय करतोस ते बघतंय.

तेवढ्यात माझा फोन वाजला. माधुरीताई. 'अगं, कुठे आहे अपूर्वा? सगळ्या बसल्यात.'

मी म्हटलं, 'ताई, तिला ताप आलाय.'

तिने माझ्याकडे बघितलं. अजून कधी कधी तशी बघते, जेवताना, मान वर करून.

बस गेल्याचा आवाज आला. नीट उजाडल्यावर तू उठलास, कुलूप काढलंस आणि पिशवी घेऊन खाली गेलास. येताना फाफडा-जलेबी घेऊन आलास. 'चला, रविवार आहे,' म्हणालास. आम्ही बसून खाल्ली. अपूर्वानेपण खाल्ली, डाव्या हाताने. ऐन मे महिन्यात चार दिवस पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून होती. तू विचारलंसही, 'उकडत नाही का गं तुला?'

मी तुझ्याकडे किल्ली मागितली नाही. एकदाही नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. तू गेलास त्या दुपारी कुलूप काढलं, कडीसकट. स्क्रू गंजले होते म्हणून सुरीने ओढून काढलं. सैल वगैरे काही नव्हती ती.

संध्याकाळी अपूर्वा म्हणाली, 'मम्मी, पुढच्या वेळी ते आले ना, की आपण तिकडे जाऊन राहू. त्यांची जागा रिकामीच असेल.' मी तिला ओरडले, बापाबद्दल असं बोलतात? मग मोरीत गेले आणि मला हसू आवरेना. नळ बराच वेळ चालू ठेवावा लागला.

हे सगळं साहेब वाचतील. वाचू देत.

आई विचारतायत, काय एवढं लिहितेस. मी म्हटलं, दिवाळीचं.

अक्षता


घाटकोपर
रविवार, २३ मार्च २०२५

प्रिय सिद्धेश,

गुढीपाडवा पुढच्या रविवारी आहे. आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, आता पेपर स्वतः वाचतात आणि आम्हाला मोठ्याने ऐकवतात. अपूर्वाच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपतील.

तुझं नोव्हेंबरचं पत्र माझ्या पर्समध्ये असतं. मी ते आईंना दाखवलं नाही. तू लिहिलंयस, 'इतकी वर्षं माझ्यावर दार बाहेरून बंद होतंय. घरी आल्यावर पहिल्यांदा ते मी आतून बंद केलं. किल्ली माझ्या खिशात होती, अक्षता. मला तेवढंच सुट्टीसारखं वाटत होतं. बाकी घरात मी पाहुणा होतो.' मी हे लॅबच्या जिन्यात वाचलं आणि मला वर काउंटरवर जाता येईना. नीलमने माझे पेशंट घेतले. तू अपूर्वाची माफी मागितलीस ती ओळ मी तिला वाचून दाखवली. तिने ऐकलं. 'बरं,' म्हणाली.

आणि तू लिहिलंस की आता असं होणार नाही. तू मनापासून लिहिलंयस, हे मला अक्षरावरून कळतं. पण पहिल्या संध्याकाळी ऊन उतरायला लागेल तेव्हा तुला काय होईल, ते तुलापण माहीत नाही. आपण एक गोष्ट कधी लिहीत नाही. पार्किंगच्या जागेवरून केयूरशी भांडण झालं आणि तो गेला, त्या दिवशीसुद्धा तू मला नंतर हेच म्हणालास, जॅकचा दांडा हातात कधी आला ते कळलंच नाही. कोर्टानेही ते मानलं, म्हणून दहा वर्षांवर भागलं. मीपण मानलं. अजून मानते. म्हणून तर भीती वाटते. ठरवून वागणाऱ्या माणसाला निदान समजावता येतं.

गुरुवारी चौकीवरचे हवालदार आले, तुझ्या येत्या मे महिन्यातल्या रजेची चौकशी करायला. त्यांच्या कागदावर 'संचित रजा' असं लिहिलेलं असतं. मी पहिल्यांदा नीट वाचलं. आमच्याकडे साठलेली रजा असते तसंच ते. तू वर्षभर नीट राहिलास त्याची साठलेली. ती तुझी आहे, सिद्धेश. ती तुला मिळू नये असं मला कधीच वाटलं नाही.

आईंनी त्यांना खुर्ची दिली, पंखा लावला. ते म्हणाले, 'घरी घ्यायला तयार आहात ना? जबाबदारी कोण घेणार?'

आई म्हणाल्या, 'मिया. खंय सही करूची?'

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. 'वहिनींचं काय म्हणणं?'

'तिका काय विचारतास? घोव आसा तिचो.'

मी कप ठेवला. आईंच्या चेहऱ्यावर काय आनंद होता, तो बघून मला बोलवेना. आईंनी सही केली, वनमाला लवू, पुढे आडनाव, असं पूर्ण नाव, सावकाश, शाळेतल्यासारखं. हवालदार उठले तेव्हा मी कचऱ्याची बादली उचलली आणि त्यांच्या मागोमाग खाली उतरले.

खाली पार्किंगपाशी त्यांना थांबवलं. म्हटलं, 'साहेब, त्यांना येऊ द्या. माझी हरकत नाही. पण ते येतील तेव्हा मी आणि माझी मुलगी या घरात नसू. तसं लिहा.'

त्यांनी घडी केलेला कागद परत उघडला. 'काही त्रास दिला होता का मागच्या वेळी?'

मी म्हटलं, 'लिहिण्यासारखा नाही.'

'ताई, हरकत आहे किंवा नाही, एवढंच असतं यात. असं मधलं लिहायला जागाच नाही.'

'मग लिहू नका. लक्षात ठेवा.'

ते हो म्हणाले. मग म्हणाले, 'मला अजून बी विंगला जायचंय. त्यांचंही म्हणणं घ्यावं लागतं.' आणि केयूरच्या आईकडे गेले. तू होतास ते तीन आठवडे त्या घराची खिडकी उघडली नव्हती. मी रोज बघायचे. कपडेसुद्धा आतच वाळत घालायच्या त्या. आम्ही वर वडे तळत होतो आणि समोर ती बाई एवढ्या उकाड्यात खिडकी लावून बसली होती. तुझ्या रजेचे दिवस तिनेपण काढले, हे तू कधीतरी लक्षात घे.

आईंना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या.

'मगे तुम्ही रवतल्यात खंय?'

म्हटलं, 'आहे सोय.'

'आणि लोकांका काय सांगू?'

'सांगा, सुट्टीवर गेल्यात.'

'घोव सुट्टेर येतलो आणि बायल सुट्टेर जातली? असा कोण करता गो?' मग खूप बोलल्या. मी कशी आहे, माझे आईवडील कसे होते, तुझ्या सहा वर्षांत मी किती वेळा रडले नाही, सगळं. मी ऐकून घेतलं. त्यांचा मुलगा आहे. त्यांनी बोलायचं नाही तर कुणी?

लसूण संपला तरी त्यांची बोटं चालूच होती, सालांवरून. मग खाली मान घालून म्हणाल्या, 'त्या सकाळी माकापण खाली जावचा होता. दूध आणूक. मिया पण तशीच बसान रवलंय.'

मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, 'मग तुम्हीपण चला ना, आई. तिघी जाऊ.'

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी अचकटविचकट बोलले. 'मिया? मिया खंय येव? तो कोणाकडे येतलो मगे?' आणि उठून कुकर लावला. शिट्ट्या झाल्या तरी गॅसपाशीच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमधून आले तर आबांनी माळ्यावरची मोठी बॅग खाली काढलेली. डोळ्याचं ऑपरेशन झालेला माणूस, स्टुलावर चढून! मी रागावले. ते ओल्या फडक्याने बॅग पुसत बसले होते, चेन चालते का बघत होते.

तर असं ठरलंय. मी या वर्षाची रजा साठवलीय, ती लावते. तू घरी येशील त्याच्या आदल्या दिवशी आम्ही निघू आणि तू परत गेल्यावर येऊ. जाऊ तिथे मला काही बघायचं-फिरायचं नाही. सकाळी उठावं आणि दाराकडे न बघता चहा प्यावा, एवढं जमलं तरी खूप. प्रीतमवर मी गेल्या वर्षी फार चिडले होते. आता चिडत नाही. अपूर्वाचे सामने या वर्षीही आहेत, माधुरीताईंनी तिला परत घेतलंय. त्या मागच्या तापाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, 'या वेळी तू स्वतः बसपर्यंत सोडायला ये.' जाणार आहे.

कुठे राहणार ते लिहीत नाही. रजेत तुला घाटकोपर सोडता येत नाही हे मला माहीत आहे, तरी लिहीत नाही.

तू घरी येशील तेव्हा आई सगळं करतील. पोटभर खा. आबांजवळ बस, त्यांना पेपर वाचून दाखवायला फार आवडतं, ऐकून घे. संध्याकाळी त्रास झाला तर गच्चीवर जा, तिथे वारा असतो आणि दारच नाही. मुली आल्या आणि जहाजाचं विचारायला लागल्या तर या वेळी तुला वाटेल ते सांग. मी मध्ये नसेन.

अपूर्वाला विचारलं, खाली काही लिहायचंय का. तिने पेन घेतलं, थोडा वेळ धरलं आणि म्हणाली, नंतर.

आईंना सकाळी दूध आणायला जायचं असेल तर जाऊ दे. त्या तुला विचारणार नाहीत, म्हणून मी लिहितेय. आणि आम्ही कुठे आहोत ते त्यांना विचारू नकोस. कितीही राग आला तरी त्यांना विचारू नकोस, सिद्धेश. त्यांना मी खरंच सांगितलेलं नाही.

अक्षता